तरंग ऐंशी, वाट एकच

सरकारी कार्यालयाच्या खिडकीशी ताटकळणाऱ्या नागरिकाला ‘आज लाइन बंद आहे’ हे उत्तर आता नवे राहिलेले नाही. परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी, पगारपत्रके पाठविणारा कारकून, विद्यार्थ्यांची माहिती नोंदविणारा शिक्षक, सर्वांनाच हा अनुभव केव्हा ना केव्हा येतो. दळणवळणाची क्षमता अफाट वाढली असताना, रस्त्यात कोठेतरी एक खड्डा खणला गेला की सारा तालुका मुका व्हावा, हे कसे? याचे उत्तर हवे असेल तर काचतंतूच्या दोन्ही टोकांशी बसविलेल्या एका यंत्राची ओळख करून घेतली पाहिजे. हे यंत्र म्हणजे काटकसरीचा अप्रतिम नमुना होय. आणि आपली अडचण काही अंशी त्या काटकसरीतूनच उद्भवली आहे.

आकाशवाणीची अनेक केंद्रे एकाच वेळी एकाच आकाशातून बोलत असतात. तरीही रेडिओची कळ फिरवून आपण हवे ते केंद्र ऐकू शकतो, कारण प्रत्येक केंद्राला निराळी कंपनसंख्या नेमून दिलेली असते. काचतंतूत हेच तत्त्व प्रकाशाला लावले जाते. बँक, रेल्वे, टेलिफोन कंपनी यांचे संदेश प्रथम ट्रान्सपॉन्डर नावाच्या उपकरणात येतात. तेथे प्रत्येक संदेश स्वतंत्र लेसरवर, ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशावर चढविला जातो. हे सर्व तरंग मल्टिप्लेक्सर एकत्र करून एकाच तंतूत सोडतो. या तंतूचा गाभा मिलिमीटरच्या सुमारे नऊ सहस्रांश एवढाच जाड असतो. दुसऱ्या टोकाचा डीमल्टिप्लेक्सर, लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करावेत त्याप्रमाणे, एकेक तरंग निवडून ज्याचा त्याच्या हवाली करतो. फरक इतकाच, की हे ‘रंग’ १५५० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत. शेजारच्या दोन तरंगांत १०० गिगाहर्ट्झचे, म्हणजे जेमतेम ०.८ नॅनोमीटरचे अंतर राखण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ते ५० गिगाहर्ट्झवर आणले, तर प्रचलित पट्ट्यात सुमारे ८० तरंग मावतात. तापमान बदलताच लेसरचा सूर ढळतो. म्हणून त्याचे तापमान काटेकोरपणे स्थिर ठेवावे लागते.

तरीही केवळ तरंग एकत्र करण्याने काम भागले नसते. उत्तम काचेतही प्रकाश दर पंधरा किलोमीटरला निम्मा होतो. ८० किलोमीटरनंतर शेकडा दोन-तीन भागच उरतो. पूर्वी अशा ठिकाणी प्रकाशाचे विजेत आणि विजेचे पुन्हा प्रकाशात रूपांतर करावे लागे, आणि तेही प्रत्येक तरंगासाठी स्वतंत्रपणे. १९८७ च्या सुमारास इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूचा वर्धक सिद्ध झाला. दुसऱ्या लेसरने चेतविलेला हा तंतू सर्व तरंगांना एकदमच बळ देतो. मग एका तरंगावर सेकंदाला १०० गिगाबिट धरले, तरी ऐंशी तरंगांचे आठ हजार गिगाबिट होतात. जमीन न उकरता, टोकांची यंत्रे बदलून जुनीच काच कित्येक पटींनी कामाला लावता येते. गरीब देशाला याहून मोठे वरदान कोणते?

तथापि या वरदानाची दुसरी बाजू आपण विसरतो. या यंत्राने वाहिन्या वाढविल्या. वाटा वाढविल्या नाहीत. पूर्वी एक केबल तुटली तर काही शे फोन बंद पडत. आज खोदयंत्राच्या एका फटकाऱ्याने ऐंशीही तरंग एका क्षणात विझतात. एखादे कार्यालय दक्षता म्हणून दोन कंपन्यांकडून दोन लाइन घेते, आणि त्या दोन लाइन म्हणजे एकाच तंतूतील दोन तरंग असू शकतात. बिले दोन येतात, आधार मात्र एकच असतो.

समुद्रातही हेच घडले आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या, तेव्हाही भारताला झळ लागली. केबली अनेक होत्या. पण चिंचोळ्या समुद्रातून जाणारी वाट सर्वांची एकच होती. आपल्याकडे येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलीही मुख्यतः मुंबई आणि चेन्नई येथेच उतरतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

स्वतंत्र वाटा महाग पडतात, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीला दोन वाटा द्याव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु जिल्हा रुग्णालय, कोषागार, परीक्षा केंद्रे यांच्या बाबतीत तरी हा खर्च टाळणे म्हणजे खोटी काटकसर आहे. ही यंत्रे बिघाड होताच डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वाहतूक दुसरीकडे वळवू शकतात. मात्र वळविण्यासाठी दुसरी वाट असावी लागते. म्हणून सरकारी खात्यांनी सेवा घेताना केवळ वेग विचारू नये; दोन्ही लाइन कोणत्या रस्त्याने जातात, हे नकाशासह लेखी मागावे. खोदकामाची पूर्वसूचना देण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. पाणीपुरवठा, वीज आणि रस्ते खात्यांच्या कंत्राटदारांना ते वापरणे कराराच्या अटीनेच बंधनकारक करावे. आणि अट मोडणाऱ्याकडून नुकसान वसूल व्हावे.

शास्त्रज्ञांनी एका केसाएवढ्या काचेत ऐंशी प्रवाह खेळविले, ते त्यांचे काम त्यांनी चोख केले. ती काच कोणत्या मातीतून न्यावी, तिला जोड कोठे द्यावी आणि तिच्यावर कुदळ कोणी चालवावी, हे ठरविणे शास्त्राचे नव्हे, शासनाचे काम आहे. ते होत नाही तोवर खिडकीपलीकडचा कारकून ‘लाइन बंद आहे’ म्हणत राहील, आणि त्याला दोष देण्यात काहीच अर्थ नसेल.