विश्लेषण : थायरॉइड अतिसक्रिय झाल्यास कोलेस्टेरॉल का घटते? ते पथ्यावर पडते का?

लिपिड प्रोफाइलच्या अहवालात कोलेस्टेरॉल कमी दिसले की सहसा सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. मात्र सोबत वजन विनाकारण घटत असेल, हात थरथरत असतील, छातीत धडधडत असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यायला हवी. स्टॅटिनचा डोस तोच असताना एलडीएल अचानक घसरले, तरीही.

कोलेस्टेरॉल घटते कसे?

गंमत म्हणजे या आजारात यकृत कोलेस्टेरॉल कमी नव्हे, उलट जास्त तयार करते. पण टी-३ या संप्रेरकामुळे यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर वाढतात. रक्तातले एलडीएलचे कण पकडून पेशीत ओढण्याचे काम त्यांचे. आत आलेल्या कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतरही वेगाने होते. थोडक्यात, आवक वाढते, पण उचल त्याहून जास्त होते. एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉलही अनेकदा घटते. ट्रायग्लिसराइडचे गणित मात्र रुग्णागणिक बदलते.

मग हृदयाला फायदा होतो का?

नाही. जादा संप्रेरकामुळे ठोके वाढतात. विशेषत: उतारवयात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, आणि त्यातून पक्षाघाताचा धोका संभवतो. अमेरिकेतील ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना डेक्स्ट्रोथायरॉक्सिन हे थायरॉइड संप्रेरकासारखे औषध देण्यात आले होते. कोलेस्टेरॉल उतरले, पण त्या गटात मृत्यू जास्त दिसल्याने औषध मध्येच थांबवावे लागले. हे निष्कर्ष 1972 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे संशोधकांनी प्रामुख्याने यकृतावर काम करणाऱ्या रेणूंकडे मोर्चा वळवला. त्यातील रेस्मेटिरोमला अमेरिकेत मार्च 2024 मध्ये मंजुरी मिळाली. तीही कोलेस्टेरॉलसाठी नव्हे, फॅटी लिव्हरच्या गंभीर प्रकारासाठी.

उपचारांनंतर कोलेस्टेरॉल वाढले तर?

खरी गफलत इथे होते. कार्बिमाझोल सुरू झाल्यावर काही महिन्यांत कोलेस्टेरॉल वर जाते आणि रुग्ण गोळीला दोष देतो; काही जण ती परस्पर बंदही करतात. प्रत्यक्षात आजाराने दाबून ठेवलेला मूळ आकडा समोर आलेला असतो. त्यामुळे थायरॉइडची पातळी स्थिरावल्यावर लिपिड प्रोफाइल पुन्हा करून मगच स्टॅटिनचा निर्णय घेणे योग्य. आकडा फारच चढला, तर टीएसएच पाहावे लागते. डोस जास्त होऊन थायरॉइड मंदावला असेल, तर कोलेस्टेरॉलच्या गोळीआधी कार्बिमाझोलचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो.