बॅटरीचा तळ कोणी सांगायचा?

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात, जेथे उन्हाळ्यात दुपारचा पारा चाळिशीपार जातो आणि मळ्यातून तालुक्याच्या बाजारापर्यंतची ये-जा कोणाला चुकत नाही, तेथे विजेवरची दुचाकी घेणाऱ्या गृहस्थाला एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावेल हा आकडा दुकानदार आवर्जून सांगतो. परंतु बॅटरी कोठवर उतरू द्यावी, हा दुसरा आकडा, ज्यावर तिचे आयुष्य आणि प्रसंगी घरादाराची सुरक्षितता अवलंबून असते, तो बहुधा कोणीच सांगत नाही.

वस्तुतः त्यात गुप्त असे काही नाही. बहुतेक लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टवर असतो आणि त्याला 3 व्होल्टच्या फारसे खाली उतरू देऊ नये, 2.5 च्या खाली तर कदापि नव्हे, असा दंडक आहे. असे 13 सेल ओळीने जोडले की बाजारातली ‘48 व्होल्ट’ची बॅटरी होते, अर्थात् ती 54.6 वर भरलेली आणि 39 च्या सुमारास रिती समजावी. लोह-फॉस्फेटच्या सेलची मर्यादा निराळी, आणि शिसे-आम्लाच्या 12 व्होल्टच्या जुन्या बॅटरीला 10.5 हा तळ. लिथियमचा सेल तळाच्या पुष्कळच खाली गेला, तर त्याच्या ऋणाग्राचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुढे चार्जिंग लावल्यावर तेच तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट घडवू शकते. दोष उतरताना उपजतो, भडका चार्जिंगच्या वेळी उडतो, आणि लोक खापर फोडतात चार्जरवर.

या तळाची राखण बॅटरीतली नियंत्रक यंत्रणा, म्हणजे बीएमएस, करते; मर्यादा आली की ती प्रवाह तोडते. परंतु ती स्वतःही किंचित वीज खात असल्यामुळे, रिती गाडी पावसाळाभर पडवीत उभी राहिली, तर बॅटरी तळाखाली जाते आणि नंतर चार्जिंगच घेत नाही. हा नकार रास्तच असतो. आपला मिस्त्री मात्र बीएमएसला वगळून तारा ‘डायरेक्ट’ जोडतो आणि बॅटरी जागी झाली म्हणून शाबासकी मिळवतो. वीज कंपनीचे आवाहन धाब्यावर बसवून शेतपंपाला ऑटोस्विच लावणाऱ्या आपल्या मुलखात या धिटाईचे कोणाला नवल वाटावे?

उतरत्या बॅटरीवर भारही अधिक पडतो. 1000 वॅटच्या मागणीला 48 व्होल्टवर सुमारे 21 अँपियर पुरतात, तर 40 व्होल्टवर 25 लागतात. म्हणून तोरणमाळचा चढ दोघांना घेऊन, तोही रित्या बॅटरीवर चढणे म्हणजे तिचा छळ होय.

आगीची भीतीही कल्पनेतली नाही. एप्रिल 2022 मध्ये नाशिकात कंटेनरमधील 40 पैकी 20 विद्युत दुचाकी जळाल्या. त्या वर्षी देशभर घडलेल्या अशा दुर्घटनांनंतर बॅटरी-सुरक्षेच्या ‘एआयएस-156’ या मानकात कडक सुधारणा झाल्या आणि डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत त्या अमलात आल्या. बॅटरी मर्यादेपलीकडे उतरू न देण्याची चाचणी त्या मानकात आहे. पण ती कारखान्यातून निघणाऱ्या गाडीला लागू, पडवीतल्या दुरुस्तीला नव्हे. शिवाय 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाडीला नोंदणीही लागत नाही, म्हणजे आरटीओच्या दप्तरी तिचा मागमूस नसतो.

म्हणून सरकारने अशी तजवीज करावी की, बॅटरीचा किमान व्होल्ट, आणि गाडी महिनाभर पडून राहणार असल्यास ती निम्मी भरून ठेवावी ही सूचना, चार्जिंगच्या तोंडाशीच ठळक मराठीत कोरलेली असावी. तोवर वीस टक्क्यांवर काटा आला की गाडी घराकडे वळवावी, उन्हातून आलेली बॅटरी निवल्यावाचून चार्जिंगला लावू नये, कारण सेल भरण्याची उष्णतेची मर्यादा सामान्यतः 45 अंश आहे. आणि मिस्त्री ‘डायरेक्ट देतो’ म्हणाला, तर बॅटरी उचलून कंपनीच्या सेवा केंद्राची वाट धरावी, मग ते नंदुरबारला असो की धुळ्याला.