वाणाचं नाव सांगा

या आठवड्यात बियाण्याची दोन पाकिटं हातात आली आणि दोन्हींवर वाणाचं नाव नव्हतं. एकावर टपोऱ्या शेंगांचा फोटो आणि खाली नुसतं ‘मटार’. दुसऱ्यावर लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन ढोबळ्या मिरच्या आणि शेजारी ‘मिक्स’. किंमत होती, ‘घरगुती बागेसाठी खास’ असंही छापलं होतं. वाण कुठला म्हणून विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, मटार म्हणजे मटारच ना?’’ त्या मुलाला बोल लावायचा नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मला राग आला तो पाकीट भरणाऱ्यांचा.

जुन्या वाचकांना आठवत असेल, वांग्यांबद्दल लिहिलं होतं तेव्हाही मी हाच हट्ट धरला होता. तुम्ही मंडळींनी आपापल्या गावच्या वांग्यांची नावं काय हौसेनं लिहून पाठवली होती! वांगं कुठलं हे विचारल्याशिवाय आपण भरलं वांगं करत नाही. आंबा घेताना तर झाडापर्यंत चौकशी पोचते. मटार आणि ढोबळी मात्र जणू एकाच जातीचे असतात अशा समजुतीनं आपण गच्चीवर पेरतो, आणि हिवाळा संपला की ‘आमच्याकडे नाही हो येत’ म्हणून कुंड्या रिकाम्या करतो. येत का नाही, याचं उत्तर पुष्कळदा वाणात असतं.

नियमाचं एवढंच सांगते. आपल्याकडे १९६६चा बियाणे कायदा आहे. नीट सीलबंद पाकिटाच्या लेबलावर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि वैधता ही माहिती मिळते. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं आणि सत्यप्रत बियाण्याचं हिरवं असतं. मटारची उगवण निदान ७५ टक्के आणि ढोबळीची ६० टक्के असावी लागते. बियाण्याला औषध चोळलेलं असेल, तर तसा इशाराही छापावा लागतो. मटारचं गुलाबी रंगात घोळलेलं बी दिसलं, तर ते औषध असतं. पोरांच्या हाताला लागू देऊ नका. मोठं पोतं फोडून चिमूट-चिमूट बी छोट्या पाकिटांत भरलं जातं, तेव्हा या सगळ्यातलं फोटोखेरीज काहीच आपल्यापर्यंत पोचत नाही.

आता नावानं काय कळतं ते बघा. पाकिटावर ‘अर्केल’ असेल, तर मला न सांगता समजतं की झाड गुडघ्याच्या आसपास राहील, बारीक काटक्यांचा आधार पुरेल आणि पेरल्यापासून दोन महिन्यांच्या आत पहिल्या शेंगा मिळतील. ‘बोनव्हिला’ असेल, तर जवळजवळ महिनाभर जास्त थांबायचं, पण शेंगा जोडीनं लागतील. पुण्यासारख्या ठिकाणी दिवाळीच्या सुमाराला पेरलं, तर दोन्ही साधतात. तेच बी कुणी डिसेंबर संपताना पेरलं, तर अर्केल थंडीच्या शेपटीला शेंगा देऊन जातो आणि बोनव्हिला नेमका फुलावर असताना फेब्रुवारीतल्या उन्हात सापडतो. ऊन तापलं की मटारची फुलं गळतात. शिवाय जानेवारीनंतर पानांवर भुरी येते. अर्केल लवकर येतो म्हणून भुरीच्या आधी हाती लागतो, एवढंच. रोगाला तोंड द्यायची ताकद त्याच्यात नाही. ती हवी असेल, तर बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का अजित’ शोधा. भुरी आणि तांबेरा या दोन्हींसमोर तो टिकतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले प्रिया’ आपल्या महाराष्ट्रातलाच. एवढी सगळी माहिती त्या दोन शब्दांत भरलेली असते आणि ते दोन शब्द छापायला शाईही फारशी लागत नाही.

काही जण वाण्याकडचा उसळीचा वाटाणा पेरतात. तो उगवतो बऱ्याचदा, वेल चांगला होतो, शेंगाही धरतात. मग पत्र येतं, ‘दाणे पिठूळ लागतात, खत कमी पडलं का?’ खताचा यात काही संबंध नाही. उसळीचा वाटाणा गोल, गुळगुळीत दाण्याचा असतो, तो पिठाचाच. कोवळा, गोड खायचा मटार वाळल्यावर सुरकुततो. त्याच्यात साखरेचा पुढे पिष्ट होण्याचा मार्ग एका ठिकाणी अडलेला असतो. त्यामुळे दाण्यात साखर जास्त राहते, पाणी जास्त धरलं जातं, आणि वाळताना पाणी गेलं की साल चुरगळते. म्हणून पाकीट उघडल्यावर बी सुरकुतलेलं दिसलं की मला बरं वाटतं. पुष्कळ जण मात्र ते ‘खराब’ म्हणून परत करायला जातात. असं बी चिखलात लवकर कुजतं तेवढं सांभाळा. कुंडीत माती ओलसर हवी, पाणी साचता कामा नये. बी बोटाच्या दीड पेरापेक्षा खोल घालू नका आणि मटारचं रोप उपटून दुसरीकडे लावू नका.

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांची ही जोडी जगप्रसिद्ध आहे. ब्रनोच्या मठात ग्रेगॉर मेंडेलनं ज्या सात लक्षणांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडले, त्यातलं हे एक. १८६६ साली त्याचा निबंध छापून आला. शाळेत आपण त्यातला तीनास एक हा आकडा पाठ करतो, पण मला त्याच निबंधातली सुरुवातीची गोष्ट फार मोलाची वाटते. त्यानं बियाणेवाल्यांकडून मटारचे ३४ वाण आणले. लगेच प्रयोगाला हात घातला नाही. दोन वर्षं ते नुसते पेरून पाहिले, जसे आहेत तसेच पुन्हा येतात का हे तपासलं, आणि त्यांतले २२ पुढच्या कामासाठी ठेवले. ज्या माणसाला अख्ख्या सजीवसृष्टीचा नियम शोधायचा होता, त्यानं आधी ‘हा वाण कुठला’ याची खात्री करून घेण्यात दोन वर्षं घातली.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी हे परवा सांगत होते. त्या म्हणाल्या, ‘‘तुझा मेंडेल राहू दे. माझी ढोबळी तिखट का झाली ते सांग.’’

काकूंचं असं झालं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गॅलरीत ढोबळीचं एक रोप आणि त्याच्या लगत लवंगी मिरचीचं दुसरं रोप होतं. ढोबळीला छान चार-पाच फळं धरली. एक फळ त्यांनी झाडावरच पूर्ण लाल होऊ दिलं, बी काढलं, राखेत घोळवून डबीत ठेवलं. यंदा पावसाळ्यात त्या बियांची रोपं केली. फळं आली ती ढोबळीपेक्षा बरीच लहान, टोकाकडे निमुळती. नातवानं कच्ची काकडी खावी तशी एक चावली आणि घर डोक्यावर घेतलं. काकूंच्या मैत्रिणींचा निकाल तयारच होता, ‘‘लवंगीच्या शेजारी लावलीस ना, गुण लागला.’’

हा समज मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की आज तो नीट उलगडून ठेवते. लवंगीचा पराग मधमाशीनं ढोबळीच्या फुलावर आणला, तरी त्या वर्षीचं ढोबळीचं फळ तिखट होत नाही. फळाचा गर आणि आतला पांढरा देठ, जिथे तिखटपणा तयार होतो, हे सगळं आईच्या शरीराचं असतं. बापाचा वाटा फक्त बियांमध्ये उतरतो. काकूंनी गेल्या वर्षी फळं खाल्ली तेव्हा ती गोडच होती, हे त्यांनाही आठवलं. संकर झाला होता तो त्या लाल फळाच्या बियांत, आणि तो दिसला या वर्षी, त्या बियांची झाडं होऊन त्यांना फळं आली तेव्हा. ढोबळी गोड असते कारण तिच्यात तिखटपणा बनवणारं जनुक मोडलेलं असतं. मोडलेल्या दोन प्रती एकत्र आल्या तरच मिरची गोड होते. लवंगीकडून एक धड प्रत आली की काम सुरू. मेंडेलच्या वाटाण्यात गोल दाणा जसा सुरकुतलेल्या दाण्यावर मात करतो, तसंच इथे तिखट हे गोडावर मात करतं. म्हणजे मैत्रिणींचं निम्मं बरोबर होतं. शेजार भोवला, पण एक पिढी सोडून.

काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग बी धरायचंच नाही का?’’

धरायचं! ढोबळीला कळी उमलायच्या आधी मलमलीची छोटी पिशवी बांधायची, रोज सकाळी झाड हलकेच टिचकावायचं म्हणजे फुलातला पराग फुलातच पडतो, फळ धरलं की पिशवी सोडायची आणि ओळखीसाठी देठाला दोरा बांधायचा. ते फळ हिरवं तोडायचं नाही. हिरवी ढोबळी म्हणजे कच्चं फळ. पूर्ण लाल किंवा पिवळं व्हायला तिला पुढे आणखी तीनेक आठवडे लागतात. मंडईतली हिरवी ढोबळी चिरून तिच्या बिया पेरणाऱ्यांना म्हणूनच फारसं यश येत नाही, त्या बिया कोवळ्याच असतात. पण एवढं सगळं करून उपयोग कधी? मुळात वाण सरळ असेल तर. संकरित बियाण्याचं झाड असेल, तर पुढच्या पिढीत प्रत्येक रोप वेगळं निघतं. काकूंच्या रोपाला नर्सरीत पाटी नव्हती, त्यामुळे ते सरळ वाणाचं होतं की संकरित, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. वर्षभर जपून ठेवलेलं बी आणि वर्षभराची मेहनत होती ती. एका पाटीमुळे वाचली असती.

मटारचं बी धरणं याउलट अगदी सोपं आहे. त्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकलेलं असतं. अर्केल सरळ वाण आहे. चांगल्या झाडाच्या दोन-चार शेंगा झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षी अर्केलच येईल.

ढोबळीतली निवड विचारलीत, तर कुंडीसाठी ‘कॅलिफोर्निया वंडर’ हा १९२८पासून चालत आलेला सरळ वाण मला अजून भरवशाचा वाटतो. चार फुगीर कप्पे, जाड साल, भरल्या मिरचीसाठी हवी तशी बूड टेकून बसणारी. अर्का मोहिनी आणि अर्का गौरव हेही त्याच बांध्याचे, सरळ वाण. अर्का बसंतची फळं निमुळती आणि फिकट पिवळसर असतात. ती बघून ‘ही ढोबळीच ना?’ असं लोक विचारतात. पाकिटावरच्या फोटोतल्या त्या झळाळत्या लाल-पिवळ्या मिरच्या बहुधा पॉलिहाऊसमधल्या संकरित वाणांच्या असतात. ती झाडं दोऱ्यांवर चढवून डोक्याच्या वर नेतात. गॅलरीतल्या बारा इंची कुंडीत त्यांच्याकडून तीच अपेक्षा ठेवली, तर निराशा होणार. आणि कुठलाही वाण घेतलात तरी कोवळी पानं आकसून चुरडामुरडा दिसायला लागला, की पान उलटून फुलकिडे आणि कोळी बघा. पाणी वाढवून तो जात नाही.

मुंबईच्या आणि कोकणातल्या वाचकांची पत्रं दर हिवाळ्यात येतात, की आमच्याकडे मटार का फुलून गळतो. त्यांना मी वाण सुचवत नाही, कारण तिथे खरी उणीव गार रात्रींची आहे. पुरंदरचा शेतकरी भर पावसाळ्यात मटार काढतो, ते त्या पठारावरच्या गार, बेताच्या पावसाच्या हवेमुळे; समुद्राकाठी ती हवा नाही. पण कोकणाला मटारचं काय नडलंय? रायगडात भात कापून झाला की शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. खत नाही, पाणी नाही. त्याच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात रचून पोपटी लावतात, त्या चवीपुढे माझ्या गच्चीवरचा अर्केल मी बिनतक्रार बाजूला ठेवीन. गच्चीवर जागा असेल, तर ठाणे-अलिबागकडच्या मंडळींनी या महिन्यात वालच लावावा. तुमच्या घरी वालाचं बी पिढीजात राखलेलं असेल, तर दाणा कसा, कडवटपणा किती, आणि घरात त्या वालाला काय म्हणतात, हे मला लिहून पाठवा. पुढच्या आठवड्यात वालावरच लिहायचं म्हणते.