पळसाला पाने तीनच, पण मोजली कुणी?

"कुठेही जा, पळसाला पाने तीनच." दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी ही म्हण मी आजीच्या तोंडून शंभर वेळा ऐकली असेल. म्हण पाठ झाली, झाड मात्र ओळखता येत नव्हतं. त्याची शिक्षा मागच्या फेब्रुवारीत एका झाडाला झाली.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी एक वेडंवाकडं झाड होतं. खोड खरबरीत, पान एकही नाही, फांद्यांवर काळपट गाठी. मीटिंगमध्ये ठरलं, झाड वाळलंय, काढून टाकू, दोन गाड्यांची जागा होईल. हात वर करणाऱ्यांत मीही होते. झाड पाडल्यावर एक फांदी बाजूला करायला गेले, तर त्या गाठी हाताला मखमलीसारख्या लागल्या. एक सोलली. आत केशरी रंग! त्या कळ्या होत्या. थोड्याच दिवसांत ते झाड फुलणार होतं.

तो पळस होता. आपल्या बडोद्यात फुलाला केसुडो म्हणतात आणि झाडाला खाखरो. इंदूरकडची मंडळी टेसू म्हणतील. शास्त्रीय नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी. पळसाची चपटी शेंग घ्या, तिच्या टोकाशी एकच बी असतं. बाकीची शेंग कागदासारखी हलकी, त्यामुळे वाऱ्याबरोबर बी लांब जाऊन पडतं.

पळस हिवाळ्याच्या शेवटी पानं गाळतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. म्हणजे जेव्हा तो मेल्यासारखा दिसतो, तेव्हाच त्याची सगळ्यांत मोठी तयारी चालू असते. पानांचा आडोसा नसल्याने फुलं लांबूनही नजरेत भरतात. मधासाठी शिंजीर, मैना, कोतवाल यांची गर्दी होते आणि या फुलाचे पराग त्या फुलावर पोचतात.

फूल हातात घेऊन पाहा. पळस वाटाण्याच्याच कुळातला, त्यामुळे रचनाही तशीच. पाच पाकळ्या: मागे एक मोठी, बाजूंना दोन पंखांसारख्या, आणि खालच्या दोन जुळून झालेली बाकदार चोच. ती पोपटाच्या चोचीसारखी दिसते. म्हणूनच संस्कृतात याला किंशुक म्हणतात, "हा पोपट तर नव्हे?" धुळवडीला ही फुलं रात्रभर पाण्यात भिजवली किंवा उकळली, की पिवळा-केशरी रंग सुटतो. चिमूटभर चुना घातला की तो आणखी गडद होतो.

आता आजीची म्हण. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने पळसाची ती तीन पानं म्हणजे एकाच पानाच्या तीन पर्णिका. मधली मोठी, बाजूच्या दोन जरा तिरप्या. खात्री करायची तर देठाच्या बुंध्याशी बघा. फांदी आणि पान यांच्या बेचक्यात डोळा असतो, तो पर्णिकेच्या बुंध्याशी कधीच नसतो. जाड, रुंद आणि चिवट अशा या पर्णिकांच्याच पत्रावळी आणि द्रोण लावतात. आजी त्या काड्यांनी टाचायची. मी शेजारी बसून बघायचे, पण हे पान कुठल्या झाडाचं, असं कधी विचारलं नाही.

पावसाळ्यात एक गोष्ट घडली. राहिलेल्या बुंध्यातून धुमारे फुटले. पळस असा तोडल्यावरही पुन्हा फुटतो, मुळांतूनही नवे कोंब काढतो. पहिलं पान उघडलं तेव्हा मी वाकून मोजलं. तीनच!

फरशा बसवायला तो बुंधाही उपटायचा, असं आता ठरतंय. या वेळी मी हात वर केलेला नाही. सोसायटीतल्या पोरांना घेऊन बुंध्याभोवती विटांचं आळं केलंय आणि पुढच्या मीटिंगला पोरांनाच बोलायला लावणार आहे. फुलं यायला बरीच वर्षं लागतील, पळस सावकाश वाढतो.

तुम्हाला एकच काम. होळीच्या आधी पावागडच्या वाटेला गेलात, तर असं "वाळलेलं" झाड शोधा आणि काळ्या गाठी हाताने चाचपून बघा. पावसाळ्यात परत जाऊन पानं मोजा. घरी आजी असेल, तर तिलाही बरोबर न्या. तिला पत्रावळ लावता येत असेल!