शुक्रवारचा कागद

आमच्या हायस्कुलांत येणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळांचीं धाकटीं भावंडें अद्याप धर्मग्रामाच्या कॅथलिक प्राथमिक शाळेंत आहेत. त्या शाळेंतून दर शुक्रवारीं दप्तरांतून एक कागद घरीं येतो. गेल्या आठवड्याची वार्ता आणि येत्या आठवड्याच्या सूचना असें त्याचें स्वरूप. वसईच्या ह्या पट्ट्यांत कोठें तो वहींत चिकटवून देतात; कोठें आतां कागद मुळींच देत नाहींत, मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकतात. एवढ्याशा चिठोऱ्यावर वार्षिकाचीं पानें खर्चण्याचें कारण काय, असा प्रश्न एखाद्या पालकाच्या मनांत येईल. कारण असें कीं, शाळेचे सारे तास, खेळ व गाणीं मुलाच्या वाट्यास येतात. आईबापांच्या वाट्यास शाळेकडून आठवड्याकाठीं एवढाच मजकूर येतो. शाळा कशी आहे हें त्यांनीं त्यावरून ओळखावयाचें, आणि शाळा आपणांस काय समजते हेंही त्यावरूनच.

ह्या विषयावर मत देण्यापूर्वीं आम्हीं गेल्या दोन वर्षांचे असे कागद घरोघरून मागवून वाचले. शाळांचीं नांवें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वाचून झाल्यावर प्रथम मनांत भरलें तें क्रियापदांचें रूप. भरावें, आणावें, पाठवावें, टाळावें. आणि शेवटीं 'अन्यथा'. हा 'अन्यथा' शब्द प्राथमिक शाळेच्या पत्रकांत जितका आढळतो, तितका न्यायालयाच्या समन्सांतही आढळत नसेल. सहलीचे पैसे भरावे, आधारकार्डाची प्रत व दोन छायाचित्रें आणावीं, कॅनव्हासचे बूट पांढरे करून पाठवावे, नखें कापावीं, डब्यांत पाकिटांतले पदार्थ देऊं नयेत. ह्यांतील एकही सूचना गैर नाहीं. शाळा चालवावयाची तर सूचना हव्यातच, आणि विसराळू पालकांस त्या पुनःपुन्हां द्याव्या लागतात हेंही आम्ही जाणतों. तक्रार एवढीच कीं, ह्या सूचनांनीं वार्तेची सारी जागा खाऊन टाकिली आहे.

वार्ता म्हणजे काय, ह्याविषयींही घोटाळा दिसतो. पारितोषिक समारंभास कोण पाहुणे आले ही वार्ता पाहुण्यांच्या घरची. मुलाच्या घरीं जावयाची वार्ता निराळी. समजा, तिसरीच्या मुलांस बाईंनीं शेजारच्या केळीच्या वाडींत नेलें, एक केळफूल उतरवून त्याचीं तांबडीं पानें एकेक करून उलगडलीं, आणि प्रत्येक पानाखालीं फुलांची जी फणी दडलेली असते ती मुलांकडून मोजविली. ही खरी वार्ता, आणि ती तीन ओळींत मावते. घरीं आलेल्या मुलास 'आज काय शिकलास?' असें विचारलें, तर 'कांहीं नाहीं' हें उत्तर ठरलेलें. मूल खोटें बोलत नसतें. सात वर्षांच्या जिवास पांच-सहा तासांचा गोषवारा सांगतां येत नाहीं, एवढेंच. पण 'केळफुलांत किती फण्या निघाल्या रे?' असें आईनें विचारलें, कीं तेंच मूल ताटावरचें जेवण विसरून बोलूं लागतें. आणि वाडींत राबणारा बाप, पहिल्या फण्यांचा घड कसा होतो व मागून येणाऱ्या फुलांस फळ कां धरत नाहीं, हें बाईंहूनही अधिक खुलासेवार सांगूं शकतो. तीन ओळींच्या वार्तेनें त्या बापास जें बोलावणें गेलें, तें पालकसभेच्या छापील निमंत्रणानें कधींही गेलें नसतें.

आतां भाषेविषयीं. येथील घरांत कोठें सामवेदी, कोठें वाडवळी, कोठें कोळी बोली चालते. वाचावयाची भाषा मराठी. 1962 ते 1965 ह्या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस वाट मोकळी करून दिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या लॅटिनमध्यें चाललेली मिस्सा येथील आजीआजोबांनीं मराठींत ऐकिली. त्याच्याही सुमारें साडेतीनशें वर्षें आधीं, 1616 सालीं, फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेसुइटाचें 'ख्रिस्तपुराण' गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें, तें मराठी ओव्यांत. इंग्लंडांत जन्मलेला मनुष्य येथल्या लोकांशीं बोलतां यावें म्हणून मराठी ओवी घडवितो, आणि मराठी घरांत जन्मलेला मुख्याध्यापक त्याच लोकांस बुटांची सूचना इंग्रजींत धाडतो! शाळेचें माध्यम इंग्रजी असेल तर असो. मुलास शिकविण्याचें माध्यम निराळें व त्याच्या आईशीं बोलण्याचें माध्यम निराळें. 2011 च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत सात वर्षांवरील स्त्रियांपैकीं सुमारें 76 टक्के साक्षर होत्या. म्हणजे चौघींत जवळजवळ एकीस कोणतीच लिपि वाचतां येत नव्हती. इंग्रजीची गोष्ट दूरच राहिली.

मग अशा घरांत कागद वाचतो कोण? विद्यार्थ्यांनो, तुम्हीच. आणि तुम्ही तो कसा वाचतां हेंही आम्हांस ठाऊक आहे. 'कांहीं नाहीं, पैसे मागितले आहेत' एवढ्यांत सारें पान उरकून तुम्ही खेळावयास पळतां. तुमच्या आईस त्या पानांत काय होतें हें कधींच कळत नाहीं, आणि तिनें आणखी विचारलें तर तुमच्या कपाळास आठी पडते. पुढल्या शुक्रवारीं तिच्याजवळ बसून तो अथपासून इतिपर्यंत मोठ्यानें वाचा. दहा मिनिटें लागतील. मैदान तेथेंच असेल.

अर्धवट वाचलेला किंवा अर्धवट लिहिलेला कागद किती महाग पडतो, ह्याचें एक उदाहरण देतों. रक्तक्षय टळावा म्हणून पांच ते नऊ वर्षांच्या मुलांस शाळेंत आठवड्यास एक गुलाबी गोळी देण्याची सरकारी योजना आहे. तींत 45 मिलिग्रॅम लोह व 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें. लोहाच्या गोळीनें शौचाचा रंग काळसर होतो व त्यांत भिण्याजोगें कांहीं नसतें. कोणा मुलास थोडें मळमळतें. ती उपाशीपोटीं घेऊं नये. ह्या तीन गोष्टी आधीं कळविल्या, तर आई निश्चिंत राहते. 'उद्यां गोळ्या देण्यांत येतील, मुलांस अवश्य पाठवावें' एवढेंच कळविलें, तर दुसऱ्या दिवशीं काळें शौच पाहून ती घाबरते, शेजारणीस सांगते, आणि पुढल्या आठवड्यास आळींतलीं पांच-सात मुलें पोटदुखीचें निमित्त करून घरीं राहतात. जिला त्या गोळीची सर्वांत अधिक गरज ती फिकट मुलगीही त्यांत असावयाची. दरवर्षीं 10 फेब्रुवारीस, राष्ट्रीय जंतनाशक दिनीं, हीच तऱ्हा होऊं शकते.

ही भीति काल्पनिक नाहीं. 2017 सालीं गोवर व रुबेला ह्यांवरील लसीची मोहीम देशांत सुरू झाली, तेव्हां तमिळनाडू व कर्नाटक ह्या राज्यांत मोबाइलवरून अफवा पसरल्या आणि कित्येक पालक आपल्या मुलांस लस टोंचून घेण्यास कचरले. महाराष्ट्रांत ही मोहीम नोव्हेंबर 2018 मध्यें आली. पुढें जानेवारी 2019 मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें, पालकांच्या संमतीवांचून शाळेंत मुलांस ही लस देतां येणार नाहीं, असें ठरविलें. आणि संमति घ्यावयाची ती लसीचे गुण व संभाव्य त्रास दोन्ही समजावून दिल्यावर. लस घ्यावी असेंच आमचें स्पष्ट मत आहे. परंतु ज्या पालकास तिच्याविषयीं शाळेकडून दोन ओळी मिळत नाहींत, त्यास शेजाऱ्याच्या मोबाइलवरून दोनशें ओळी मिळतात, हें शाळांनीं ध्यानांत ठेवावयास हवें.

मोबाइलचा आम्ही द्वेष करीत नाहीं. जुलईंत रात्रभर पाऊस कोसळून जिल्हाधिकाऱ्यांनीं पहांटे सुट्टी जाहीर केली, तर ती कळवावयास मोबाइलच हवा. तेथें शुक्रवारच्या कागदाची वाट पाहणें वेडेपणाचें होईल. पण नित्याच्या वार्तेचें काम त्याजकडे सोंपविणें निराळें. पुष्कळ घरांत चांगला मोबाइल एकच असतो, आणि तो सकाळीं विरार लोकलनें बापाबरोबर चर्चगेटला जातो. 2021 च्या 'असर' अहवालाप्रमाणें देशाच्या ग्रामीण भागांत शाळकरी मुलांपैकीं सुमारें दोनतृतीयांश मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. परंतु ज्यांच्या घरीं होता, त्यांतीलही सुमारें चौथ्या हिश्शाच्या मुलांस तो हाताळावयास मिळत नव्हता. शिवाय त्या गटावर सुप्रभाताचीं फुलें, वाढदिवसाचे केक, कोणाच्या हरवलेल्या पाण्याच्या बाटलीची चौकशी आणि वर सांगितलेल्या जातीची एखादी अफवा, ह्यांच्या रांगेंत शाळेची सूचना येऊन उभी राहते. कागदावर सही असते, तारीख असते, आणि तो स्वयंपाकघरांत खिळ्यास अडकवितां येतो.

पैशांविषयीं थोडें बोलणें अवश्य आहे. फी थकलेल्या मुलांचीं नांवें सर्वांच्या कागदांत अथवा गटावर जाहीर करण्याची जी चाल कोठें कोठें पडूं पाहत आहे, ती आम्हांस निंद्य वाटते. देणें बापाचें, आणि मान खालीं घालावयाची ती सहा वर्षांच्या पोरीनें, हा न्याय कोणता? थकबाकी बंद लिफाफ्यांतून कळवावी. त्याहून बरें म्हणजे पालकास बोलावून दार लोटून बोलावें.

कॅथलिक शाळेच्या कागदांत सणांची वार्ता येणें स्वाभाविकच आहे. पण वर्गांत ख्रिस्ती मुलांच्या शेजारीं हिंदु, मुसलमान व वारली मुलें बसतात, आणि त्यांच्या घरींही तोच कागद जातो. 'राखेच्या बुधवारीं शाळा अर्धा दिवस' एवढें वाचून त्या घरांत काय बोध व्हावा? हा बुधवार 2024 सालीं 14 फेब्रुवारीस आला आणि 2025 सालीं 5 मार्चला. मग शाळेनें मनास येईल तशी सुट्टी दिली असें कोणास वाटलें, तर दोष त्याचा नाहीं. होळीप्रमाणें ईस्टरही पौर्णिमेशीं बांधलेला सण आहे, त्याच्या सेहेचाळीस दिवस आधीं हा बुधवार येतो व तेथून उपवासकाळ सुरू होतो, इतकें लिहिलें तर हिंदु आईस तें चटकन उमगेल. उपवासकाळांत दानाची पेटी वर्गांत फिरते, तिच्यांतील पैसे कोणाकडे जातात हेंही छापावें. आणि ज्याच्या घरीं देण्यास नाहीं त्यानें न दिलें तरी चालतें, हें तर ठळक अक्षरांत छापावें.

वर ज्या परिषदेचा उल्लेख केला, तिनेंच 28 ऑक्टोबर 1965 रोजीं ख्रिस्ती शिक्षणाविषयीं एक घोषणा केली. आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत, असें तींत सांगितलें आहे. मुख्य शिक्षकास त्याच्या साहाय्यकानें 'अन्यथा' म्हणून लिहावयाचें नसतें.

पालकांनीं मात्र हें वाचून फार खूष होऊं नये. मुख्य शिक्षकपण पत्करलें कीं काम आलें. महिन्याचे चारही कागद दप्तराच्या तळाशीं पेन्सिलीच्या भुशांत सांपडतात, तेव्हां 'पोरगें देतच नाहीं' हें सांगणें लटकें आहे. शुक्रवारीं संध्याकाळीं दप्तर उघडावयास किती वेळ लागतो? सही करून परत धाडलेल्या कागदांतही न वाचलेले किती, हें आम्हां शिक्षकांस सोमवारीं तत्काळ कळतें. चित्रकलेसाठीं जुनें वर्तमानपत्र मागितलें तर वर्गांत निम्मीं मुलें रिकाम्या हातानें येतात, आणि सह्या मात्र सर्वांच्या असतात. अशा मुलास वर्गांत उभें करणें हेंही चुकीचें. त्यानें कोणता अपराध केला?

शाळांस आमची एक लहानशी सूचना आहे. कागदाच्या पाठीमागें अर्धें पान कोरें ठेवावें व त्यावर 'घरची वार्ता' एवढेंच शीर्षक घालावें. आजी अंथरुणास खिळली आहे, बाप आठ दिवस होडीवर गेला आहे, मुलगी रात्रीं खोकते, गाईस वासरूं झालें, पोर अंधारास भिऊं लागलें आहे, असें जें असेल तें पालकांनीं तेथें लिहावें, आणि सोमवारीं तो कागद बाईंच्या टेबलावर परत यावा. बाईंनीं तो वाचल्याची खूण म्हणून एक ओळ लिहून पाठवावी. ज्यांस लिहितां येत नाहीं, त्यांनीं हायस्कुलांत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्यावें. अक्षर वाकडें असलें तरी चालेल. मात्र लिहिणारानें पदरचें कांहीं घालूं नये, आणि आईनें सांगितलेलें कांहीं गाळूंही नये.