पाणीपट्टी : दर थोडा, देयक मोठे

मुंबईत पाणीपट्टीवाढीची चर्चा सुरू झाली, की तिच्यावरचा वाद ठरावीक चाकोरीतून जातो. राजकीय पक्ष वाढीला अन्यायकारक ठरवतात, प्रशासन वाढत्या खर्चाचा हिशेब पुढे करते आणि सामान्य ग्राहक टक्केवारी वाचून सुस्कारा सोडतो. पण घरटी प्रत्यक्षात किती पैसे जातात, हे मुख्यतः त्या टक्केवारीवर ठरत नाही. ते ठरते देयकातील तीन गोष्टींवर : वापराचे टप्पे, मलनिस्सारण आकार आणि इमारतीच्या दारात बसवलेला सामायिक मीटर. या तिन्हींविषयी सार्वजनिक चर्चा जवळपास होतच नाही.

दरवाढीचे मूळ

पाणीपट्टीत दरवर्षी १६ जूनपासून कमाल ८ टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा देणारे धोरण मुंबई महापालिकेने २०१२ मध्ये स्वीकारले. त्यामागील तर्क सरळ आहे. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा ही धरणे राज्य शासनाची आहेत. त्यांतील पाण्याचे मोल महापालिकेला मोजावे लागते. शंभराच्या आसपास किलोमीटरवरून पाणी आणायचे, ते पांजरापूर आणि भांडुप येथे शुद्ध करायचे आणि शहरभर पोहोचवायचे, म्हणजे वीज, रसायने आणि मनुष्यबळ यांवरचा खर्च वाढतच जाणार.

या धोरणानुसार २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ झाली. इमारतींतील घरगुती वापराचा दर हजार लिटरमागे ५ रुपये ९४ पैशांवरून ६ रुपये ३६ पैसे, तर झोपडपट्ट्यांसाठीचा दर ४ रुपये ९३ पैशांवरून ५ रुपये २८ पैसे झाला. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. निर्णय वर्ष सरत असताना झाला, वाढ मात्र १६ जूनपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली. वापरून झालेल्या पाण्याचा दर मागाहून कळावा, हे कोणत्याही ग्राहकाच्या दृष्टीने न्याय्य म्हणता येणार नाही.

टप्प्यांचे गणित

तरीही या वाढीचा भार किती होता, ते पाहू. चाळीस सदनिकांची एक इमारत गृहीत धरू. महापालिका एका कुटुंबात पाच माणसे आणि माणशी रोज १५० लिटर असा हिशेब धरते. म्हणजे सदनिकेमागे रोज ७५० लिटर. तीस दिवसांत संपूर्ण इमारतीचा वापर ९ लाख लिटर होतो. २०२२ च्या नव्या दराने त्याचा जलआकार ५,७२४ रुपये होतो. त्यावर जलआकाराच्या ७० टक्के मलनिस्सारण आकार धरला, की एकूण रक्कम ९,७३१ रुपयांच्या घरात जाते. सदनिकेमागे ती साधारण २४३ रुपये पडते. जुन्या दराने हीच रक्कम २२७ रुपये होती. फरक महिन्याला सोळा रुपयांचा.

आता याच इमारतीत टाकीचा बॉलकॉक बिघडला किंवा जमिनीखालची वाहिनी गळू लागली आणि वापर १२ लाख लिटरवर गेला, असे समजू. माणशी १५० लिटरपुढील पाण्याला २०० लिटरपर्यंत दुप्पट, पुढे २५० लिटरपर्यंत तिप्पट आणि त्यावर चौपट दर लागतो. त्यामुळे वाढीव ३ लाख लिटरला १२ रुपये ७२ पैशांचा दर बसतो आणि मलनिस्सारण आकारही त्याच प्रमाणात फुगतो. देयक १६,२१८ रुपयांवर, म्हणजे सदनिकेमागे ४०५ रुपयांवर जाते. वापर एक तृतीयांशाने वाढला, देयक दोन तृतीयांशांनी. ज्या दरवाढीवर रान उठते ती सोळा रुपयांची आणि जिची वाच्यता होत नाही ती गळती एकशे बासष्ट रुपयांची!

दारातला मीटर

टप्प्यांची कल्पना मुळात चुकीची नाही. गरजेपुरते पाणी स्वस्त आणि उधळपट्टी महाग, हे तत्त्व योग्यच आहे. दिल्लीत २०१५ मध्ये महिन्याला २० हजार लिटरपर्यंत पाणी मोफत झाले. मात्र मर्यादा ओलांडताच संपूर्ण वापराचे पैसे आकारले जाऊ लागले. त्या तुलनेत केवळ जादा पाण्याला जादा दर लावणारी मुंबईची पद्धत अधिक समंजस आहे.

अडचण आहे ती हा संदेश योग्य माणसापर्यंत पोहोचत नाही ही. मीटर इमारतीच्या दारात आणि पाणी वापरणारी कुटुंबे आत. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सदनिकेतील नळांची संख्या आणि आकार यांनुसार पाणीपट्टी वाटून घेण्यास सांगतात. अनेक संस्था तर ती सरसकट समान वाटतात. दोन्हींत प्रत्यक्ष वापराचा संबंध नाही. एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका आणि रोज गाड्या धुणारे शेजारचे कुटुंब एकाच रकमेचे धनी होतात. काटकसर करणाऱ्यास बक्षीस नाही, उधळणाऱ्यास चाप नाही.

स्थगितीचा दिलासा कोणाला?

२०२३ मध्ये प्रस्तावित वाढ मुख्यमंत्र्यांच्या निर्देशानंतर स्थगित झाली. ती लोकप्रिय ठरली, यात नवल नाही. पण दर गोठला म्हणून खर्च गोठत नाही. तो अन्य करांतून भागवला जातो किंवा जुन्या जलवाहिन्या बदलण्याचे काम लांबणीवर पडते. शिवाय ज्यांच्याकडे अधिकृत नळजोडणीच नाही, त्यांना अशा स्थगितीतून काहीच मिळत नाही. अनधिकृत वस्त्यांतील रहिवाशांनाही पाण्याचा हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले. ‘सर्वांसाठी पाणी’ हे महापालिकेचे धोरण त्यानंतर तब्बल साडेसात वर्षांनी, मे २०२२ मध्ये आले. नळ नसलेले घर हंड्यामागे जे मोजते, त्यापुढे हजार लिटरला सहा रुपये हा दर चैनीचा वाटावा.

म्हणूनच प्रश्न दर वाढवावा की नाही एवढाच नाही. दर वर्षारंभीच जाहीर व्हावा, कोणत्या टप्प्यात किती लिटर गेले हे देयकावर ठळकपणे छापले जावे आणि नव्या इमारतींत सदनिकानिहाय मीटर असावेत, ही मागणी ग्राहकांनी लावून धरायला हवी. गृहनिर्माण संस्थांनीही देयक आले की केवळ अखेरची रक्कम न पाहता मीटरवरील नोंद, दिवसांची संख्या आणि नोंदलेल्या सदनिकांची संख्या तपासावी. सदनिका कमी नोंदल्या असतील, तर स्वस्त दराचा वाटाही तेवढाच आक्रसतो. टक्केवारीवर भांडणे सोपे असते. देयक वाचणे थोडे कष्टाचे. पण पैसे वाचतात ते दुसऱ्या मार्गाने.