विश्लेषण : मॉडिफाइड क्लासिक कारची किंमत इंजिनात की फायलीत?

जुनी स्पोर्ट्स कार विकायला निघाली की जाहिरातीत आधी येते अश्वशक्ती, मग चकचकीत रंग. गंज आणि कागदपत्रांचा उल्लेख क्वचितच होतो. जपानची डॅटसन २४०झेड ही हौशी मंडळींनी सर्रास मॉडिफाय केलेली गाडी. तिचे मूल्य ठरवताना मात्र हा क्रम उलटा हवा.

या कारला एवढा भाव का?

१९६९ मध्ये आलेल्या या दोन आसनी कारला २,३९३ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन होते. अमेरिकेत सुरुवातीची किंमत सुमारे साडेतीन हजार डॉलर. जानेवारी २०२० मध्ये अत्यंत कमी चाललेली १९७१ची एक २४०झेड ऑनलाइन लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. तो अपवाद होता. पण मूळपणाला काय मोल येते, हे त्यातून दिसले.

मग मॉडिफाय केलेली गाडी कमअस्सल का?

तसे नाही. त्याच मालिकेतील २.८ लिटरचे इंजिन किंवा तीन वेबर कार्ब्युरेटर बसवलेली गाडी चालवायला अधिक मजेदार असू शकते. प्रश्न दोनच. बदल मागे घेता येतो का? आणि त्याची नोंद आहे का? बोल्टने बसवलेला भाग काढता येतो. कापलेला मडगार्ड पुन्हा जुळवायचा तर वेल्डिंग आणि रंगकाम आलेच.

तपासणी कुठून सुरू करावी?

गाडीच्या पोटाखालून. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच भार पेलते. त्यामुळे फ्लोअर, त्याखालचे रेल, बॅटरीखालचा भाग आणि दारांखालचे पत्रे आधी पाहावेत. लोहचुंबक चिकटत नसेल तर रंगाखाली पुट्टी असू शकते. मग सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे, चासी क्रमांक कागदांशी ताडावा. ताकद वाढवली, पण ब्रेक जुनेच ठेवले असतील तर तो बदल अर्धवट आणि धोकादायक आहे.

देखभालीत फरक काय?

कंपनीचे मॅन्युअल इथे पुरेसे ठरत नाही. ब्रेक पॅड कोणत्या गाडीचे, कार्ब्युरेटरचे जेट कोणत्या मापाचे, हे फाइलच सांगते. ती नसेल तर प्रत्येक दुरुस्ती अंदाजाने होते आणि खर्च वाढतो. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे खराब होतात. त्या बदलून घ्याव्यात.

भारतात काय नियम?

जुलै २०२१च्या अधिसूचनेनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात आणि मोठे फेरबदल न झालेले हवे. म्हणजे हौसेने केलेला बदल इथे हा दर्जाच घालवू शकतो.

म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग आणि प्रत्येक बिल जपून ठेवणे, हीच या हौसेतली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. विक्रेत्याकडे फाइल नसेल, तर खरेदीदाराने भाव निःसंकोच पाडून मागावा.